बाणाचा कोट

मित्रांनो, अगदी अलीकडेपर्यंत आमच्या जनावरांच्या दवाखान्यात मागच्या खोलीत गेला असतात, तर कोपऱ्यात अंगावर कोट घालून कोणीतरी उभं दिसलं असतं. त्याला डोकं नाही. पोटाशी एक काळा रबरी फुगा लोंबतो, आणि खिडकी उघडी असली की तो हळूच फुगतो, हळूच बसतो. मांजरं-कुत्री घेऊन येणाऱ्या मुलांनी माझं नाव भूत ठेवलं होतं. त्यांच्या आया त्यांना दटावायच्या, पण बाहेर पडताना स्वतःही एकदा वळून बघायच्या. घाबरू नका. मी भूत नाही. मी एक जुनं भुलीचं यंत्र आहे आणि अंगावरचा कोट माझा नव्हता.

कोट एका कुत्र्याचा होता. तो कुत्रा आता नाही. त्याच्याविषयी सांगायचं म्हणूनच मी तोंड उघडलंय, नाहीतर माझ्यासारख्या गंजक्या लोखंडाचं चरित्र ऐकायला कोण बसणार?

माझा जन्म कारखान्यातला. चाकांवरचा सांगाडा, पाठीला प्राणवायूची नळकांडी, छातीवर काचेची उभी नळी. त्या नळीत एक इवलीशी गोळी वाऱ्यावर तरंगते. ती जितकी वर, तितका वायू जास्त. शेजारी भुलीच्या औषधाचं भांडं. तिथून दोन वळ्यावळ्यांच्या नळ्या निघतात आणि निजलेल्याच्या तोंडापर्यंत जातात. आणि मधे हा फुगा. निजलेला श्वास घेतो तेव्हा फुगा बसतो, सोडतो तेव्हा फुगतो. श्वास मंदावला तर हा फुगा हाताने दाबून त्याच्या छातीत वारा भरता येतो. कारखान्यातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने माझ्या प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून पाहिलं. कुठे बुडबुडा आला नाही, तेव्हा त्याने फुग्यावर थाप मारली आणि म्हणाला, जा, पास झालास.

भूल म्हणजे झोप नव्हे बरं का. झोपलेल्याला चिमटा काढून बघा, उठून दोन ठेवून देईल. भुलीतल्याचा दात उपटला तरी त्याला पत्ता लागत नाही. तो कुठे जातो हे मला आजवर कळलेलं नाही. मी फक्त त्याला दारापर्यंत सोडतो आणि परत येईपर्यंत दार धरून उभा राहतो.

आधी मी माणसांच्या इस्पितळात होतो. तिथे नवं यंत्र आलं आणि मला जनावरांच्या दवाखान्यात धाडलं. आपली पत घसरली, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी एक बोकड माझी नळी चघळत होता तेव्हा मला रडू यायचंच बाकी होतं. पण तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी मला स्वतःच्या हाताने पुसलं, चाकांना तेल दिलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगायचे की हा आमचा जोडीदार, याच्यावर डोळे मिटून भरवसा टाकावा. आधीच फुगा, त्यात कौतुकाची हवा. मी भलताच खूश होतो.

मोठ्या डॉक्टरांची एक रीत होती. जनावराला भूल चढायला लागली की ते त्याच्या कानाशी वाकायचे आणि म्हणायचे, "झोप, मी आहे." मांजर असो, वासरू असो, नाहीतर चावरा बोका असो, सगळ्यांना तेच. आणि जाग यायची वेळ झाली की मालकाला आत बोलवायचं, त्याने नावाने हाक मारायची. परत येणाऱ्याच्या कानावर पहिला आवाज घरचा पडावा, असं त्यांचं म्हणणं. दवाखान्यातल्या मावशींना ही रीत इतकी पाठ झाली होती की डॉक्टर वाकले की त्या आपोआप मालकाला हाक मारायला दाराकडे सरकायच्या. साफसफाई, पाणी, औजारं सगळं मावशींकडे. स्वच्छतेच्या बाबतीत त्या कोणाचं ऐकायच्या नाहीत, आणि 'टेबलावर कापड नको' हा डॉक्टरांचा नियम त्या डॉक्टरांपेक्षा कडक पाळायच्या.

अशा त्या दवाखान्यात एक दिवस मास्तर आले. मास्तर म्हणजे शिंपी. कपडे शिवणाऱ्याला सगळे मास्तरच म्हणतात. त्यांच्याबरोबर बाण होता.

बाण ग्रेहाउंड होता, शर्यतीत पळून पळून म्हातारा झालेला. या जातीचं कुत्रं तुम्ही पाहिलं नसेल तर डोळ्यांपुढे आणा: लांबट तोंड, आत ओढलेलं पोट, बरगड्या मोजून घ्याव्यात असं अंग, आणि कातडी इतकी पातळ की खालच्या शिरा दिसाव्यात. कोणीतरी त्याला टाकून दिलं होतं, मास्तरांनी दुकानात आणलं. त्याला थंडी सोसत नाही म्हणून त्यांनी उरलेल्या जाड कापडाचा, आत मऊ अस्तर लावलेला एक कोट शिवला. गळ्याशी दोन बटणं, पोटाखालून पट्टा. माणसांचे कोट बेतणाऱ्या हातांनी तो बेतलेला होता, एक टाका वाकडा नव्हता. बाणाचे दात मात्र पार किडले होते. या कुत्र्यांचे दात लवकर खराब होतात म्हणे.

त्या दिवशी घाबरून बाण धापा टाकत होता, अंग तापलं होतं. म्हणून पंखा लावला. मग मावशींनी नियमाप्रमाणे त्याचा कोट काढला आणि कुठे ठेवावा म्हणून माझ्या खांद्यावर टांगला. मास्तर दारातून म्हणाले की त्याला गारठा लवकर बाधतो. सगळ्यांनी हो हो म्हटलं. मोठ्या डॉक्टरांनी वजन पाहून भुलीचं इंजेक्शन दिलं, इतर कुत्र्यांना देत तसंच. त्याच्या कानाशी वाकून ते म्हणाले, "झोप, मी आहे." मग त्याला माझ्या नळ्या जोडल्या.

डॉक्टरांची मुलगी नुकतीच शिकून आली होती, सगळे तिला ताई म्हणायचे. तिने दात काढायला घेतले. मावशी पाणी देत होत्या, गार पाणी, जे दातांवरून उडून बाणाच्या मानेवर, छातीवर सांडत होतं. दात अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. अर्धे आज, अर्धे नंतर करूया का, असं ताईने विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले की पुन्हा भूल कशाला, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. पंखा तसाच चालू होता. कोट माझ्या अंगावर होता आणि त्याला अजून बाणाची ऊब होती. ती ऊब माझ्या लोखंडात उतरत होती, आणि तो स्टीलच्या टेबलावर गार पडत चालला होता.

मित्रांनो, इथून पुढचं मला रोज दिसतं. डॉक्टर माझ्याकडे बघत होते. काचेतली गोळी नीट तरंगत होती. फुगा फुगत होता, बसत होता, फुगत होता, बसत होता. कारण डॉक्टरांचाच तळवा तो दाबत होता, सवयीने, न बघता. ताईचं लक्ष दातात होतं आणि मावशींचं पाण्यात. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं, त्याच्या अंगावर कोणाचाच हात नव्हता.

मग ताईचे हात थांबले. ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, दात काढला, पण रक्त येत नाहीये."

डॉक्टरांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी अजून श्वास घेत होतो. मग त्यांनी बाणाकडे पाहिलं.

त्यांनी पुष्कळ धडपड केली. छाती दाबली, औषधं दिली, पंखा बंद केला, टॉवेल आणले. मी माझ्या जवळचा सगळा वायू त्याला दिला. काही उपयोग झाला नाही. मास्तर आत आले ते हाक मारायच्या तयारीने आले होते. त्यांना वाटलं, रीतीप्रमाणे बोलावलंय. त्यांनी हाक मारली. कोणी त्यांना थांबवलं नाही, कोणाला ते जमलंच नाही. त्यांनी पुन्हा मारली. तिसऱ्या हाकेला त्यांच्या लक्षात आलं.

जाताना मावशींनी कोट पुढे केला. मास्तर म्हणाले, "असू दे इथेच. आता कोणाला घालू?"

तेव्हापासून तो माझ्या अंगावर राहिला. आणि माझ्या फुग्यात काहीतरी राहून गेलंय. बाणाच्या नळ्या काढल्या तेव्हा फुगा अर्धा भरलेला होता. तो कोणी रिकामा केला नाही. रबर धुतलं गेलं, नळ्या बदलल्या, पण मला ते पटत नाही. दुपारी दवाखाना बंद असतो, खोलीत फिनेलचा वास असतो, बाहेर चिटपाखरू नसतं, आणि तेव्हा माझ्या पोटाशी कोणीतरी सावकाश श्वास घेतं.

मोठे डॉक्टर त्या दिवसापासून कानाशी वाकेनासे झाले. भूल द्यायचे, कामही चोख करायचे, पण ते दोन शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा निघाले नाहीत. कोणी ग्रेहाउंड घेऊन आलं तर दारातूनच परत पाठवायचे. पुढे त्यांचे हात कापायला लागले आणि दवाखाना ताईने हाती घेतला. तिनेही तीच ओळ पुढे चालवली: या जातीला आम्ही भूल देत नाही. नवं यंत्र आलं, पडद्यावर हिरव्या रेघा काढणारं, टुकटुक करणारं. मी कोपऱ्यात गेलो. मला भंगारात द्यायची गोष्ट दोनदा निघाली होती, पण कोट कोणी उतरवायचा यावर अडली. मावशी दरवर्षी तो धुवायच्या, वाळवायच्या, बटणं ओढून बघायच्या आणि परत माझ्याच खांद्यावर टांगायच्या. त्यावर या घरात कोणी बोलायचं नाही.

आणि मग बऱ्याच वर्षांनी मास्तर पुन्हा आले.

त्यांना मी आवाजावरून ओळखलं. पुढच्या खोलीचं दार नीट लागत नाही, सगळं ऐकू येतं. त्यांच्यासोबत एक म्हातारी ग्रेहाउंड कुत्री होती, काळीभोर, तोंडापाशी पांढरी झालेली. तिचं नाव काजळ. मास्तर म्हणाले की हिच्या तोंडाला असा वास येतो की मापं द्यायला आलेलं गिऱ्हाईक हात वर करून पळून जातं. कोणी हसलं नाही. मग त्यांनी खरं ते सांगितलं. चार घास भिजवून दिले तरी ती एका बाजूने चावते, मधेच कण्हते, ताटली सोडून जाते.

ताईने तोंड उघडून पाहिलं. हिरड्यांत पू होता, दाढा हलत होत्या. असंच ठेवलं तर ती उपाशी झिजेल, आणि तोंडातली घाण रक्तातून हृदयापर्यंत जाईल. दात काढायला हवेत, पण भुलीशिवाय ते होणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर. ताईने दुसऱ्या एका मोठ्या दवाखान्याचं नाव सांगितलं. मी तिथे फोन करते, म्हणाली.

मास्तर म्हणाले, "तिथल्या कोणी बाणाला पाहिलेलं नाही, ताई. तुम्ही पाहिलंय. तुमचा हात थरथरणार हे मला माहीत आहे. म्हणूनच तिला तुमच्याकडे आणलीय."

मग ताई म्हणाली की मला थोडे दिवस द्या.

त्या दिवसांत तिने जे केलं, ते मला मावशींच्या बडबडीतून कळलं. मावशी केर काढताना माझ्याशी बोलतात. ऐकून घेणारा आणि उलट न बोलणारा असा या घरात मी एकटाच. ताईने तिच्याबरोबर शिकलेल्या एका मैत्रिणीला बोलावलं, जी फक्त भूल द्यायचंच काम करते. दोघी बसून वाचायच्या, बोलायच्या. इतर कुत्र्यांच्या अंगात चरबी असते, भुलीचं काही औषध तिच्यात मुरतं आणि रक्तातलं कमी होतं. ग्रेहाउंडच्या अंगात चरबी जवळजवळ नसतेच, आणि काही जुनी औषधं त्यांचं यकृत फार सावकाश निकाली काढतं. जे औषध दुसऱ्याला झोपवतं, ते याला बुडवतं. म्हणून ते औषध आता नकोच. दुसरं, थोडं थोडं, बघत बघत. ऊब धरून ठेवायलाही चरबी नाही, म्हणून गारठा हाच मोठा शत्रू. दात काढल्यावर रक्त थांबल्यासारखं वाटतं आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा वाहू लागतं, म्हणून त्याचं औषध आधीपासून द्यायचं.

काजळचं रक्त तपासलं तेव्हा काही आकडे भलतेच आले आणि मावशी धसकल्या. ताई म्हणाली की या जातीचे आकडे असेच असतात, आजाराचे नव्हेत. पण दवाखान्यात तिचं हृदय धडधडत होतं, रक्तदाब चढलेला. तो आजार की भीती, हे कळेना. तेव्हा ताई मास्तरांच्या दुकानात गेली. शिवणयंत्राखाली चिंध्यांच्या ढिगावर काजळ निजली होती. ताई तिथे जमिनीवर बसून राहिली, कुत्री तिला विसरेपर्यंत, आणि मग तिने छातीला ठोके ऐकायची नळी लावली. हृदय सावकाश चाललं होतं, खोल आणि नेमकं. पळणाऱ्यांचं हृदय मोठं असतं आणि विश्रांतीत हळू चालतं. परत आल्यावर ताई माझ्यासमोर उभी राहिली. कोटाकडे पाहिलं. हात लावला नाही.

ठरलेल्या दिवशी सकाळीच मावशी आल्या आणि त्यांनी टेबलावर गादी घातली. त्यावर चादर, त्यावर टॉवेल. ज्या बाईने आयुष्यभर टेबलावर रुमाल टिकू दिला नाही, त्या बाईने टेबलाचा बिछाना केला. गरम पाण्याच्या पिशव्या फडक्यांत गुंडाळल्या, म्हणजे पातळ कातडी भाजायला नको. पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी लावली. खिडकी बंद केली. आणि नातवाचे लोकरीचे मोजे काजळच्या चारही पायांत चढवले. एक मोजा लाल, तीन निळे. काजळ त्यांच्याकडे बघत राहिली, जणू कोणी तिची थट्टा करतंय.

ताई म्हणाली, "मावशी, आज तुमचं एकच काम. हात हिच्या छातीवर. मी पाणी मागितलं तरी द्यायचं नाही."

बाहेरच्या बाकावर मास्तर बसले होते. थोड्या वेळाने काठी टेकत मोठे डॉक्टर आले आणि त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. दार लागत नाही म्हटलं ना, मला दोघांचे गुडघे दिसत होते. मधे एका माणसाची जागा मोकळी होती.

मैत्रिणीने औषध दिलं, थांबली, पुन्हा थोडं दिलं. काजळची मान ताईच्या हातावर जड झाली. हीच ती वेळ. इथे पूर्वी कोणीतरी कानाशी वाकायचं. खोलीत सगळ्यांना ते ठाऊक होतं, आणि सगळ्या आपापल्या हातांकडे बघत होत्या. ताईचे ओठ हलले, पण आवाज आला नाही.

मग मावशी वाकल्या. हात छातीवर तसाच ठेवून म्हणाल्या, "झोप गं बाई. मी आहे."

बाहेर काठी जमिनीवर पडल्याचा आवाज आला. ती बराच वेळ कोणी उचलली नाही.

काम सुरू झालं. दाढेजवळ बधिर करायचं इंजेक्शन आधीच दिलं होतं, त्यामुळे भूल हलकी ठेवता आली. दातांवरचं पाणी कोमट होतं आणि मानेखाली घडी घातलेला टॉवेल, तो भिजला की बदलायचा. जिभेला एक चिमटा लावला होता, तो पडद्यावर आकडा दाखवायचा. सगळं ठीक चाललं होतं, आणि अचानक त्या नव्या यंत्राने किंकाळी फोडली. हिरवी रेघ सपाट झाली.

ताईच्या हातातलं औजार खाली पडलं. ती पडद्याकडे बघत होती. तिचा चेहरा मी एकदा पाहिलेला होता, तोच होता.

"आहे," मावशी म्हणाल्या. डोळे मिटून. "सावकाश आहे, पण आहे."

मैत्रिणीने पाहिलं तर जिभेवरचा चिमटा घसरला होता. तिने तो पुन्हा लावला, रेघ परत आली. मावशींनी डोळे उघडलेही नाहीत. मित्रांनो, मी यंत्र आहे, यंत्राच्या बाजूने बोलायला हवं. पण त्या क्षणी त्या खोलीत खरं काय ते फक्त एका तळहाताला माहीत होतं.

पुढे काजळचं अंग थोडं गार पडायला लागलं. पिशव्या बदलल्या, तरी आकडा उतरत होता. दोन दाढा राहिल्या होत्या. मैत्रीण म्हणाली की दोनच तर आहेत. ताई तोंडात बघत थोडा वेळ थांबली. मला ठाऊक आहे, तिला कोणाचा आवाज ऐकू येत होता.

"राहू देत," ती म्हणाली. "आज इतकंच. पुन्हा झोपवू, पुन्हा उठवू."

भुलीचं औषध बंद झालं. फक्त प्राणवायू चालू. आता वाट बघायची. ही वाट बघणं फार वाईट असतं. काजळ हलेना. पिशव्या पुन्हा गरम झाल्या, टॉवेल बदलले, लाल मोजा निसटला तो परत चढवला. मावशींचा हात अवघडून पांढरा पडला होता, तो त्यांनी काढला नाही. खिडकी बंद होती, पंखा बंद होता, मला कोणी कशालाही जोडलेलं नव्हतं. आणि माझा फुगा हळूच फुगला.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. घाबरून नव्हे. ओळखीचं माणूस दारात दिसावं तसं.

"ताई," त्या म्हणाल्या, "तो कोट द्या."

ताई माझ्यासमोर आली. गळ्याच्या बटणावर तिचं बोट थांबलं. मग तिने तो उतरवला. माझ्या खांद्यावरून तो जाताना मला जे वाटलं त्याला माझ्याकडे शब्द नाही. तिने तो गरम पिशवीवर धरला, अस्तर तापेपर्यंत, आणि काजळच्या अंगावर घातला. पट्टा पोटाखालून घेतला. मग तिने मास्तरांना आत बोलावलं.

मास्तर दारात आले आणि त्यांना आधी कोट दिसला. त्यांचे डोळे आता अधू होते. टेबलावर त्यांनी शिवलेला कोट, कोटात एक ग्रेहाउंड, न हलणारी. त्यांना हाक मारायची होती. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या तोंडून निघालं, "बाण."

काजळचा कान हलला.

मग जीभ हलली, तिने घोट गिळला, मैत्रिणीने चटकन घशातली नळी काढली. काजळने डोळे उघडले ते कोणाकडेही न बघता. ती माझ्याकडे बघत होती, बराच वेळ. नंतर मास्तर सांगत होते की घरी ते दोन्ही नावांनी हाका मारतात, तिला हाक मारताना बाणाचं नाव तोंडात येतं, आणि ती दोन्हींना ओ देते. तसंच असेल. मी काही वाद घातला नाही.

मास्तर रडत होते आणि त्यांचे हात, सवयीने, कोटावरून फिरत होते. बगलेत दोन बोटं घालून त्यांनी सैल कापड चिमटीत धरलं. "इथे थोडा आत घ्यावा लागेल," ते म्हणाले.

मोठे डॉक्टर दारापर्यंत आले होते. ते आत आले नाहीत. मास्तर काजळला घेऊन निघाले तेव्हा त्यांनी वाट सोडली, आणि मास्तरांनी जाता जाता त्यांच्या हातात ती पडलेली काठी दिली.

दुसऱ्या दिवशी काजळच्या हिरड्यांतून रक्त आलंच. ताईने आधी सांगून ठेवलं होतं, मास्तर टॉर्च घेऊन बघत बसले होते, लगेच घेऊन आले. औषध वाढवलं, थांबलं. पुढे उरलेल्या दोन दाढाही निघाल्या. आता ती मऊ भात चाटूनपुसून खाते आणि गिऱ्हाइकं मापं देताना हात वर धरून उभी राहतात.

माझ्या अंगावर आता काही नाही. मुलांना मी आता भूत वाटत नाही, जुनं सामान वाटतो. कधीतरी भंगारवाला येईल. माझी काळजी घ्या, मला पुसा, मला तेल द्या, असं सांगून अशी आत्मवृत्तं संपतात, मला माहीत आहे. माझं मागणं तसं नाही. तुमच्यापैकी कोणी उद्या कोणाला निजवलंत, कुत्र्याला, मांजराला, आजारी माणसाला, तर माझ्याकडे बघू नका. गोळी तरंगते, रेघ हलते, फुगा फुगतो. आम्ही मेलेल्यासाठीही श्वास घेतो, आमचा काय भरवसा. हात त्याच्या बरगड्यांवर ठेवा. तो गार तर पडत नाही ना बघा. त्याच्या माणसाने दारातून काही सांगितलं तर ऐका. आणि त्याला 'मी आहे' असं म्हणालात, तर मग खरंच तिथे असा.

दुपारी दवाखाना बंद असतो. खिडकी लावलेली असते. फुगा अजून फुगतो, सावकाश, खोल, पळणाऱ्याच्या श्वासासारखा. कोट गेला, तो गेला नाही. कदाचित त्याला शेवटपर्यंत थांबणारं कोणीतरी हवं होतं. माझ्याजवळ हात नाही. जे आहे ते दोन शब्द, जे त्याला एकदा सांगितले गेले आणि पाळले गेले नाहीत. ते मी त्याला रोज सांगतो.

झोप, बाणा. मी आहे.